पोटावर चेपलेला डबा

मीठमिरची न लावता सांगायचं तर माझी वहिनी चोर नाही. मिरचीचं मी बघून घेईन, मिठाला मात्र दादाच्या घरात तशीही बंदी आहे.

वहिनी एका मोठ्या दुकानात डबे लावते. खोके फोडायचे, डबे फळीवर ओळीनं मांडायचे, लेबलांची तोंडं समोर करायची, जुना माल पुढे ओढायचा, नवा मागे सारायचा. गिऱ्हाईक येतं, मागे हात घालून नेमका नवा डबा ओढतं आणि सगळी ओळ विस्कटून निघून जातं. वहिनी परत लावते. संध्याकाळी घरी जाताना ती ओळ सकाळी होती तशीच मोडलेली असते. मी कपडे दुरुस्त करते, तर ती मला म्हणते, "तुमचं बरं आहे वन्सं. तुम्ही टीप मारली की ती उसवेपर्यंत राहते तरी."

नणंद म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर जी बाई उभी राहते, तिच्यापासून मी काही फार लांब नाही. वहिनी लग्न होऊन आली तेव्हा मी तिच्यात खोट शोधायचा चंगच बांधला होता. सापडली ती एवढीच, की बाई काटकसरी आहे. टूथपेस्टची ट्यूब संपली की कात्रीनं कापून आतलं पुसून घेणार. साबणाचे उरलेले तुकडे दाबून त्यांची नवी वडी करणार. आणि प्रामाणिक तर इतकी, की शेजाऱ्यांना कंटाळा यावा. एकदा भाजीवाल्यानं तिला सुटे पैसे जास्त दिले. ती तीन मजले उतरून परत द्यायला गेली. वर आली तेव्हा पिशवीत एक बटाटा सडका निघाला, मग तो घेऊन पुन्हा खाली. भाजीवाला म्हणाला, "बाई, तुम्ही एकदाच काय ते ठरवा, माझं देणं आहे की घेणं." ती म्हणाली, "दोन्ही आहे, आणि दोन्ही आत्ताच."

दादा घरं रंगवायचा. शिडीवर उभा राहून छताला ब्रश मारताना मोठ्यानं गायचा, तेही बेसूर, आणि ज्यांचं घर रंगवायचा ते लवकर संपव म्हणून जास्त पैसे द्यायचे, असा त्याचा दावा होता. एक दिवस कामावरून येताना तो दुसऱ्या मजल्याच्या वळणावर पायरीवर बसला तो उठेचना. डॉक्टरांनी सांगितलं, हृदयाचा पंप थकलाय, अंगात पाणी साठतं. औषधं दिली. पाणी मोजून प्या म्हणाले, आणि सगळ्यात मोठं बजावलं ते मिठाचं. दिवसाला सोडियम एवढंच, त्याच्यापुढे नाही. पाय सुजले का ते कसं पाहायचं, हेही दाखवलं. नडगीवर अंगठा दाबायचा, आणि काढल्यावर खळगा राहिला तर समजायचं की मीठ जास्त झालं.

तेव्हापासून दादा तिसऱ्या मजल्यावर आहे. इमारतीला लिफ्ट नाही. खोलीला खिडकी आहे, पण तिच्यातून शेजारच्या इमारतीची भिंत दिसते आणि भिंतीवरून उतरणारा एक पाइप. पाइपातल्या आवाजावरून कोणत्या मजल्यावर कोण आंघोळ करतंय ते दादा सांगतो. आयुष्यभर दुसऱ्यांच्या भिंती रंगवल्या, आता एकच भिंत दिवसभर बघायची, आणि तिचा रंग उडालेला. "खालून वर जायला दोन डबे रंग लागेल," तो म्हणतो. रोज म्हणतो.

आता जेवणाचं. घरमालकानं खोलीत गॅस ठेवायला मनाई केलीय. विजेची एक छोटी शेगडी आहे, तीही तासभर लावली की इमारतीचा अर्धा भाग अंधारात जातो आणि घरमालक जिन्यात येऊन ओरडतो. वहिनी सकाळी लवकर निघते ती संध्याकाळी येते. मधल्या वेळात दादाला जमतं ते एवढंच, की डबा उघडायचा, भांड्यात ओतायचा, गरम करायचा, पावाबरोबर खायचा. म्हणून सूपचे डबे. दुपारी एक, संध्याकाळी एक. ताजं करून का घालत नाही, असं विचारणाऱ्या बायका मला भेटतात. मी म्हणते, या की तुम्ही करायला, जिना डाव्या हाताला आहे. अजून कुणी आलेली नाही.

सुरुवातीला वहिनी पिवळ्या लेबलाचं सूप आणायची, सगळ्यात स्वस्त. लेबलावर सोडियमचा आकडा वाचून तिनं हिशोब केला आणि खूश झाली, बसतंय म्हणाली. दादाला खुर्चीत बसवून, उचलून खाली तपासणीला नेलं तेव्हा नर्सनं डबा हातात घेतला आणि दाखवलं, की तो आकडा अर्ध्या डब्याचा आहे. वहिनी म्हणाली, "अर्धा डबा कोण खातं हो? मांजर?" पण आकडा आकडा होता.

मग तिनं डोकं चालवलं. सूप खारट आहे ना, तर त्यात दोन पेले पाणी घालायचं. चाखून पाहिलं तर लागलं अगदी अळणी. दादा कुरकुरला, म्हणजे औषध लागू पडलं असं तिला वाटलं. आठवडाभरात त्याचे पाय खांबासारखे झाले. नर्स रागावली नाही, तेच वाईट. ती हळूच म्हणाली, "अहो बाई, मीठ पाण्यात विरघळतं, पळून नाही जात. सगळं भांडं पोटात गेलं म्हणजे सगळं मीठ पोटात गेलं. आणि पाणी तर मोजून द्यायचं होतं ना?" वहिनीनं मान हलवली, बाहेर आली आणि दवाखान्याच्या पायरीवर बसून रडली. मी तिला पहिल्यांदा रडताना पाहिलं. "मी माझ्या हातानं," एवढंच म्हणत होती.

कमी मिठाचं सूप मिळतं. हिरव्या लेबलाचं, सगळ्यात वरच्या फळीवर. वहिनी स्वतःच ते लावायची, म्हणजे डबा तर रोज तिच्या हातात होता. पण किंमत पिवळ्याच्या जवळजवळ दुप्पट. का, तर त्यातलं मीठ काढलंय म्हणून. काढून घेतलेल्या गोष्टीचे जास्त पैसे घेणाऱ्या माणसाला मला एकदा भेटायचंय. भाडं आणि औषधं गेली की जे उरायचं त्यात हिरवे डबे अर्धा महिना पुरायचे. उरलेला अर्धा महिना दादानं काय हवा खायची? पिवळा घ्यावा तर पाय सुजतात, हिरवा घ्यावा तर पंधरवड्यात हात रिकामे. इकडे आड, तिकडे विहीर. मी मदत केली, जमेल तेवढी केली. पण माझ्याकडे येणारे लोकही पँटची चेन दुरुस्त करून घेणारेच आहेत, नवे सूट शिवणारे नाहीत.

त्या दुकानात दाराजवळ एक टोपली असते. माल उतरवताना, लावताना जो डबा चेपतो त्याचं काय करायचं याचा नियम आहे. शिवणीवर, म्हणजे पत्र्याच्या जोडावर, किंवा काठावर चेपला तर फेकायचा, आतलं बिघडू शकतं. पोटावर चेपला तर टोपलीत टाकायचा, अर्ध्या किमतीला. कामगारांनाही टोपलीतलं घेता येतं, पण आपली पाळी संपल्यावर, गिऱ्हाइकांनी उचलून उरलं असेल तर.

एकदा हिरव्या सूपचा खोका ढकलगाडीवरून खरंच घसरला. पाचसहा डबे पोटावर चेपले. संध्याकाळी त्यातले चार टोपलीत उरले होते, ते वहिनीनं घेतले. घरी आली तेव्हा लॉटरी लागल्यासारखी हसत होती. दादानं डबा उघडून खाल्ला आणि म्हणाला, "हे सूप आहे की भांडी विसळलेलं पाणी?" वहिनी म्हणाली, "अर्ध्या किमतीचं आहे. गप खा."

दुसरा खोका घसरला नाही.

मला हे कसं कळलं ते सांगते. त्या दिवशी तिच्या गणवेशाचा हात उसवला होता, तो घरी शिवून गणवेश परत द्यायला मी दुकानात गेले. मागच्या गोदामाला रबरी पट्ट्यांचा पडदा आहे, तो सारून मी आत डोकावले. आत खिडकी नाही, वर एक पांढरी ट्यूब सारखी फडफडत असते. वहिनी माझ्याकडे पाठ करून उभी होती. तिनं एका हातात हिरवा डबा धरला, ढकलगाडीच्या लोखंडी दांड्यावर एकदाच मारला, फिरवून पाहिला, शिवण चाचपली आणि बाजूला ठेवला. मग दुसरा घेतला. घाई नाही, आवाज नाही. रोजचं काम असावं तसं.

"वहिनी," मी म्हणाले.

ती दचकली नाही. वळली, आणि तिचा चेहरा पाहून मीच दचकले.

"किती दिवस चाललंय हे?"

"पाय उतरलेत ना त्यांचे," ती म्हणाली. "पाहिलेत ना तुम्ही?"

"पाहिलेत."

"मग झालं तर. हात द्या इकडे, म्हणजे बाही द्या."

मी शिवलेला गणवेश दिला. काय बोलणार? तिला कुणी पकडलं असतं तर नोकरी जागच्या जागी गेली असती, आणि नोकरीबरोबर भाडं आणि औषधं. खाल्ल्या मिठाला जागावं म्हणतात. इथे तर मीठच नको होतं. माझा राग कुणावर काढावा ते मला कळेना, म्हणून मी घरी येऊन मशिनवर काढला आणि एका बाईच्या परकराला चार इंच जास्त दुमडून ठेवला.

गंमत अशी झाली, म्हणजे रडायची गंमत, की टोपलीतले हिरवे डबे इतर लोकही उचलायला लागले. मीठ सोडलेले लोक काय एकटा दादाच आहे? संध्याकाळपर्यंत टोपलीत दोन उरावेत म्हणून वहिनीला पाचसहा चेपावे लागायचे. आणि एकदा टोपलीत अर्ध्या किमतीत मिळतंय हे कळल्यावर वरच्या फळीवरून पूर्ण किमतीला कोण घेणार? लोक आधी टोपलीत पाहायचे, नसेल तर उद्या येऊ म्हणायचे. फळीवरचे डबे धूळ खात राहिले. वहिनी ते पुसायची, तोंडं समोर करायची.

पण दादा सुधारत होता, हे मी डोळ्यांनी पाहत होते. नडगीवर अंगठा दाबला की खळगा लगेच भरून यायचा. खोलीतून जिन्याच्या तोंडापर्यंत यायला लागला. मग एक जिना उतरून दुसऱ्या मजल्याच्या वळणावर स्टूल टाकून बसायला लागला आणि जाणाऱ्या-येणाऱ्याला त्यांच्या घराचा रंग कसा चुकलाय ते सांगायला लागला. लोक कंटाळले, वहिनी सुखावली. सूपबद्दलची कुरकुरही थांबली. एकदा मला म्हणाला, "धाकटे, गाजराला स्वतःची चव असते हे मला आत्ता कळलं. इतकी वर्षं मी मीठच खात होतो." उन्हाळा संपेपर्यंत आपल्या पायांनी रस्त्यापर्यंत उतरायचं, असं त्यानं ठरवलं होतं.

वहिनीची सुपरवायझर तरुण पोरगी आहे, स्वभावानं चांगली. एका दुपारी तिनं वहिनीला गोदामात बोलावलं. चोराच्या मनात चांदणं. पण पोरगी म्हणाली, "मावशी, हे हिरवं सूप आता बंद होणार. पूर्ण किमतीला खपतच नाही, सगळं टोपलीतच जातं. आम्ही सूपच्या कंपनीला कळवलं होतं, तुमचे डबे नाजूक येतात. ते म्हणतात, आमचे डबे बरोबर आहेत. मग वरून निरोप आला, मागवूच नका."

वहिनीनं एप्रनला हात पुसले.

"तुमच्या मिस्टरांना लागतं ना ते? मला माहितीय," पोरगी म्हणाली. "मग शेवटचे जे काही डबे आहेत ते मी सगळे टोपलीच्या भावात लावते, आणि आधी तुम्ही घ्या. कुणाला सांगू नका हं. तुमच्यासारखं काम कुणी करत नाही इथे."

वहिनी तिथून निघाली ती पाळी संपवून सरळ माझ्याकडे आली, घरी न जाता. माझ्या मशिनपाशी खाली बसली. हातात जड पिशवी होती.

"मी सांगणार होते तिला," ती म्हणाली. "तोंडापर्यंत आलं होतं. खपत नाही असं नाहीय, मी खपू देत नव्हते. हे एक वाक्य बोलले असते तर सूप राहिलं असतं."

"आणि तू राहिली असतीस?"

"नाही."

"मग तोंड उघडू नकोस."

"ती मला चांगली म्हणाली हो," वहिनी म्हणाली. "शिवी दिली असती तर बरं झालं असतं. आणि ते बाकीचे लोक, टोपलीतून घेणारे? त्यांचंही मीच तोडलं." मग तिनं पदरात, म्हणजे त्या गणवेशाच्या एप्रनमध्ये, तोंड खुपसलं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, तोही आपल्याच हातचा. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. शिवणकाम करणाऱ्या बाईला सगळं जोडता येतं असं लोकांना वाटतं. मला काहीही सुचलं नाही. दुसरी दुकानं? एक बसनं लांब, तिथे हिरवा डबा आहे, पूर्ण किमतीला. आणि तिथे टोपलीच नाही.

मी तिच्याबरोबर वर गेले. दादा वळणावरच्या स्टुलावर बसला होता. आम्हाला पाहून उठला, आणि आमच्या पुढे, आमच्या पुढे म्हणते, एक जिना चढून वर गेला. दारात थोडा थांबला एवढंच. वहिनीनं डबे टेबलावर मांडले. सवयीनं लेबलं समोर केली.

"आज एवढे?" दादा म्हणाला.

"शेवटचे आहेत. कंपनीनं बंद केलं ते सूप," वहिनी म्हणाली. "तोट्यात होती म्हणे कंपनी."

दादानं एक डबा उचलला. मग दुसरा. ते हातात फिरवून पाहत राहिला. त्या दिवशीच्या डब्यांना एकही पोचा नव्हता, सगळे गुळगुळीत.

"हे चेपलेले नाहीत," तो म्हणाला.

"नाहीत."

"वहिनीनं," मी मध्येच काहीतरी बोलायला गेले.

"तू थांब, धाकटे." तो वहिनीकडे बघत होता. "अगं, घसरून पडलेला डबा कुठेही चेपतो. एखादा वर, एखादा खाली. तू आणायचीस त्या सगळ्यांना पोचा एकाच जागी. अगदी मधोमध, एकाच मापाचा. मी दिवसभर या खोलीत असतो. माझ्याकडे बघायला एक भिंत आहे आणि तुझे डबे आहेत. दुसऱ्याच आठवड्यात कळलं मला."

वहिनी उभी होती ती उभीच राहिली.

"कळलं होतं?"

"हो."

"आणि तुम्ही बोलला नाहीत." तिचा आवाज चढला. मी तिला त्याच्यावर ओरडताना कधी ऐकलं नव्हतं. "अहो, मी रोज तिथे उभी राहून डबे चेपायचे, रोज परत येताना वाटायचं आज पोलीस दारात असतील. तुम्हाला तोंड दाखवायची लाज वाटायची मला. डबा तुमच्या पुढ्यात ठेवताना मान वर नाही केली मी कधी. आणि तुम्हाला माहीत होतं?"

"बोललो असतो तर तू थांबली असतीस," दादा म्हणाला. "मी ओळखतो ना तुला. माझ्या तोंडून एकदा निघालं असतं, की तू एकही डबा चेपला नसतास." तो बसला, कारण उभं राहून त्याला दम लागला होता. "मला जगायचं होतं गं. दुसरं काही नाही. मला वाटलं, तू कर आणि मी गप्प खातो. मला लाज वाटली, पण भूक जास्त वाटली."

पाइपातून पाणी गेलं, पण कोणाचं ते दादानं सांगितलं नाही. मला दोघांचाही राग आला आणि दोघांनाही जवळ घ्यावंसं वाटलं, आणि मी दोन्हींपैकी काही केलं नाही.

"मी उद्या जाऊन सांगते त्यांना," वहिनी म्हणाली.

"नोकरी जाईल."

"जाऊ दे."

"मग पिवळाही परवडणार नाही," दादा म्हणाला. ती गेली नाही सांगायला. मी तिला दोष देत नाही, आणि कुणी दिला तर गाठ माझ्याशी आहे हे त्यानं लक्षात ठेवावं.

हिरवे डबे त्यांनी पुरवून पुरवून वापरले. एक दिवसाआड, मधल्या दिवशी नुसता पाव. तरी संपायचे ते संपलेच.

परवा मी गेले होते तेव्हा पहिला पिवळा डबा उघडला. दादा स्टुलावर नव्हता, पलंगावर होता, वळणापर्यंत उतरणं त्यानं बंद केलंय. वहिनीनं डबा भांड्यात ओतला, गरम केला, आणि पळी बुडवून बरोबर अर्धं त्याच्या वाडग्यात घातलं. अर्ध्यात आकडा बसतो, तिनं वाचून पाहिलं होतं. बाकीचं भांड्यात राहिलं. दादानं पहिला चमचा घेतला आणि त्याचं तोंड वेडंवाकडं झालं. खारट लागलं त्याला, इतक्या महिन्यांनी. तरी तो भुकेल्या माणसासारखा भराभर खात गेला, वाडगा तिरका करून तळातलंही घेतलं, आणि पावाच्या शेवटच्या तुकड्यानं कडा पुसून काढली. मग त्याची नजर भांड्याकडे गेली. तिथे जेवढं होतं तेवढंच त्यानं नुकतं खाल्लं होतं.

"आणखी नको," तो म्हणाला. "पोट भरलं माझं."

वहिनीनं त्याच्याकडे पाहिलं. त्याचं पोट भरलेलं नाही हे तिला दिसत होतं, मलाही दिसत होतं. "बरं," ती म्हणाली. आणि भांडं त्याच्या हाताला लागू नये म्हणून उचललं, तिथेच उभं राहून उरलेलं सूप तोंडाला लावलं आणि सगळं पिऊन टाकलं.